ऑफर लेटरमध्ये काम काय ते पण लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की आजकालची पदवीधर मुलं नोकरीत टिकत नाहीत, आठ महिने झाले की रिझाईन टाकतात, त्यांना फक्त पैसा आणि वर्क फ्रॉम होम पाहिजे. ते गृहस्थ वयाने मोठे असतील, त्यांच्याबद्दल मनात काही नाही, पण पत्र वाचल्यापासून दोन दिवस मला चैन पडेना म्हणून शेवटी लिहायला बसले. मी भांडुपला राहते, फोर्टमधल्या एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते, सत्तावीस वर्षं झाली या लाइनमध्ये. माझी मुलगी २०२४ ला बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्समधली पदवी) झाली आणि लगेच नोकरीला लागली. म्हणजे हा विषय मी घरात पण बघतेय आणि ऑफिसात पण.

तिचं ऑफर लेटर आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. सिद्धिविनायकाला जाऊन आलो. लेटरवर लिहिलं होतं असोसिएट फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट, वर्षाला २ लाख ७६ हजार. सोसायटीतल्या बायकांना मी स्वतः कौतुकाने सांगितलं. मग रात्री जेवणं झाल्यावर सवयीप्रमाणे कागद-पेन घेऊन तो सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, फोडला, महिन्याचे झाले २३ हजार. बेसिक १२ हजार, त्यावर कंपनीचा पीएफ १४४० तो यातच धरलेला, ग्रॅच्युइटीचे ५७७ तेही यातच, जी कायम नोकरीत पाच वर्षं काढल्यावर मिळते, ईएसआयसीचा, म्हणजे आजारपणाच्या सरकारी विम्याचा, कंपनीचा हिस्सा सव्वातीन टक्के तो पण यातच. मग उरलेल्यातून परत तिचा स्वतःचा पीएफ, तिचा ईएसआयसी. हातात १८ हजार ७०० च्या आसपास. आपल्याकडे बायकांना २५ हजार पगारापर्यंत प्रोफेशन टॅक्स माफ आहे म्हणून बरं, तिच्या जागी मुलगा असता तर महिन्याला आणखी २०० गेले असते, फेब्रुवारीत ३००. तिला २३ हजार म्हणजे २३ हजारच वाटत होते. तीन वर्षं अकाउंटिंग अँड फायनान्स शिकलेल्या मुलीला स्वतःचा सीटीसी वाचता येत नव्हता, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. यात तिची चूक नाही, कॉलेजात कुणी एक खरी सॅलरी स्लिप कधी समोर ठेवलीच नव्हती.

पण आज मला पगाराबद्दल लिहायचं नाहीये. पगार कमी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, २०२४ मध्ये एका मोठ्या आयटी कंपनीने तीन वर्षांच्या डिग्रीवाल्यांना वर्षाला २ लाख ५२ हजार देऊ केले तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आपण वाचलंय. मला लिहायचंय ते कामाबद्दल. म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत ही मुलं तिथे नक्की करतात काय.

माझी मुलगी सकाळी भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, मग परत स्लो लोकल पकडून मालाड आणि तिथून शेअर रिक्षा. सव्वा तास सगळं वेळेवर असलं तर. तिथे बसून ती काय करते, तर डाव्या स्क्रीनवर इनव्हॉइसची, म्हणजे बिलाची पीडीएफ उघडायची, त्यातला इनव्हॉइस नंबर, तारीख, व्हेंडरचं म्हणजे माल देणाऱ्याचं नाव, रक्कम हे उजव्या स्क्रीनवरच्या पोर्टलमध्ये टाकायचं, सबमिट, पुढची पीडीएफ. दिवसाला १२० चं टारगेट. बस. एवढंच. त्या इनव्हॉइसचं पेमेंट कोण करतं, मंजुरी कोण देतं, तो खर्च कुठल्या हेडला जातो, काही माहिती नाही, विचारायची सोय नाही, कारण ते दुसऱ्या टीमचं काम. या लाइनमध्ये त्याला प्रोसेस म्हणतात, आणि प्रोसेस अशी बारीक बारीक तुकड्यांत कापलेली असते की कोणी सोडून गेलं तर दुसऱ्या माणसाला तीन दिवसांत त्या खुर्चीत बसवता आलं पाहिजे. कंपनीच्या बाजूने बघितलं तर हिशोब बरोबर आहे. पण जिला तीन दिवसांत रिप्लेस करता येतं तिला ते रोज सकाळी कळत असतं ना.

आता एक प्रसंग सांगते. गेल्या पावसाळ्यात तिच्यासमोर एक इनव्हॉइस आलं, ४८ हजार ३८० रुपयांचं. तिला वाटलं हा आकडा आपण परवा टाकलाय. तिने मागे जाऊन शोधलं, तर तोच व्हेंडर, तीच तारीख, तीच रक्कम, फक्त पहिल्या वेळी नंबरमध्ये मध्ये तिरक्या रेघा होत्या आणि दुसऱ्या वेळी नव्हत्या. सिस्टीमला ते दोन वेगळे नंबर वाटले म्हणून सिस्टीमने पकडलं नाही. आमच्या धंद्यात डुप्लिकेट पेमेंट अगदी असंच होतं, मी माझ्या डोळ्यांनी किती वेळा बघितलंय, कधी एक रेघ, कधी एक शून्य, कधी स्पेस, आणि पैसे दोनदा जातात. कोणी अनुभवी माणसाने पकडलं असतं तर साहेबांनी शाबासकी दिली असती. ही पोर उठून टीम लीडरकडे गेली. त्याने स्क्रीनवरून डोळे न काढता सांगितलं, तुझं काम एंट्री करायचं आहे, चेकिंगची टीम वेगळी आहे, तू पुढे जा. आणि ते शोधण्यात वेळ गेला म्हणून त्या दिवशी तिचे ९७ च झाले, तर संध्याकाळी सगळ्यांच्या लिस्टमध्ये तिचं नाव लाल रंगात.

घरी आली, जेवली नाही. मला म्हणाली, आई मी बरोबर होते ना? मी म्हटलं बाळा तू शंभर टक्के बरोबर होतीस. तर म्हणाली, मग मी इथे कशाला आहे.

त्या टीम लीडरला पण मी दोष देत नाही, तो असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा, त्याच्या डोक्यावर त्याचं टारगेट, त्याचंही नाव कुठल्यातरी लिस्टमध्ये लाल होत असणार.

मला माझी पहिली नोकरी आठवते, १९९८, मी बी.कॉम. करून फोर्टलाच एका छोट्या ट्रेडिंग फर्ममध्ये लागले होते. पगार सांगण्यासारखा नव्हता. तिथे चीफ अकाउंटंट होते, आम्ही सगळ्या मुली त्यांना काका म्हणायचो. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला ट्रायल बॅलन्सचा फरक शोधायला बसवलं, म्हणजे नावे आणि जमा दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळत नव्हत्या, २७० रुपयांचा फरक. मी सकाळपासून शोधतेय, दुपारी रडायला आले, तेव्हा ते चहाचा कप घेऊन बाजूला येऊन बसले आणि म्हणाले, आधी २७० ला ९ ने भाग दे बघू. गेला ना? मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत, रकमा चुकलेल्या नाहीत, अदलाबदल शोध. संध्याकाळी पाच वाजता मला सापडलं, ४८५० च्या जागी ४५८० लिहिलं होतं. ते सापडलं तेव्हाचा आनंद मला आज पन्नाशीला आले तरी आठवतो, मी चर्चगेटला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीला उगाच स्टेशनपर्यंत सोडायला गेले बोलत बोलत, आणि मग मागे वळून सीएसटीला आले. जॉब सॅटिस्फॅक्शन जॉब सॅटिस्फॅक्शन म्हणतात ते माझ्यासाठी तरी तेवढंच होतं. कोणीतरी शिकवलं आणि मला जमलं.

माझे वडील गिरणीत होते, लोअर परळला. सुरुवातीला बदली कामगार, म्हणजे रोज सकाळी गेटवर बदली कार्ड घेऊन उभं राहायचं, कोणी आलं नसेल तर काम, नाहीतर घरी परत. पुढे १९८२ च्या संपात सगळंच गेलं. त्या दिवसांची आठवण मी गोड करून सांगणार नाही, फार हाल काढले आईने. पण बाबा एक गोष्ट सांगायचे, साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, पहिल्या दिवशी जॉबरने म्हणजे मुकादमाने उभं राहून धागा तुटला तर कसा जोडायचा ते दाखवलं, दोन साचे कसे सांभाळायचे ते दाखवलं, शिव्या देत देत पण दाखवलं. कारण त्यांनी चुकीचं केलं तर कापड खराब निघणार होतं. आज त्याच गिरण्यांच्या कंपाउंडमध्ये काचेची ऑफिसं आहेत आणि माझ्या मुलीची मैत्रीण तिथे ब्रँड एक्झिक्युटिव्ह आहे. ती दिवसभर इन्फ्लुएन्सर लोकांचे फोन नंबर गोळा करून एक्सेल भरते. आणि ती ज्या कंपनीत बसते त्या कंपनीच्या पेरोलवर नाहीचे, थर्ड पार्टी पेरोल, ११ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, गळ्यातल्या आयकार्डच्या दोरीचा रंग पण वेगळा. तिला कोण शिकवणार? ज्यांच्याकडे ती बसते ते म्हणतात ही आमची नाही, ज्यांच्या पेरोलवर आहे त्यांनी तिला इंटरव्ह्यूनंतर कधी बघितलं पण नाही. बाबांचं बदली कार्ड आणि हिची ती वेगळ्या रंगाची दोरी, मला तरी फार फरक वाटत नाही.

आणि मग म्हणायचं मुलं टिकत नाहीत.

ही काही माझ्या एकटीच्या घरातली गोष्ट नाही. सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात आलंय की देशातले निम्म्याहून जास्त पदवीधर त्यांच्या शिक्षणापेक्षा खालच्या दर्जाच्या कामात आहेत. आणि ज्यांना कामच नाही त्यांचं तर काय सांगावं, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारताबद्दलच्या रिपोर्टमध्ये तरुण पदवीधरांची बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांची ३.४ टक्के. हा आकडा मी दोनदा वाचला, मला वाटलं छापण्यात उलटा झालाय. जुलै २०२४ मध्ये कालिन्याला विमानतळावरच्या लोडरच्या भरतीला काय झालं ते सगळ्या मुंबईने बघितलं, २२१६ जागा आणि आलेली माणसं २५ हजारांच्या आसपास, चेंगराचेंगरी व्हायची वेळ. सामान चढवायच्या-उतरवायच्या कामाला डिग्री लागत नाही तरी त्या गर्दीत पदवीधर होते. आणि त्याच कालिन्यात आपल्या मुंबई विद्यापीठाचा कॅम्पस आहे, १८५७ सालचं विद्यापीठ, जे अलीकडे दर दीक्षांत समारंभाला दीड लाखाच्या वर पदव्या देतं. मला राग येत नाही, पोटात तुटतं.

सरकार काही करत नाही असं पण म्हणणार नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिन्याला १० हजार, सहा महिने, मग ते पाच महिने वाढवले. पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली मोठ्या कंपन्यांमध्ये, ५ हजार महिना, एक वर्ष. हेतू चांगला आहे. पण आमच्या मजल्यावरचा एक मुलगा, बीएससी, एका सरकारी ऑफिसात या प्रशिक्षणाला होता. प्रशिक्षण म्हणून त्याने काय केलं तर जुन्या फायलींना नंबर टाकले आणि झेरॉक्स काढल्या. साहेब चांगले होते म्हणे, कधी ओरडले नाहीत, पण कोणालाच माहीत नव्हतं की याला शिकवायचं काय. स्टायपेंड किती ते ठरलं, किती महिने ते ठरलं, रोज कोण त्याच्या शेजारी बसून काय दाखवणार ते मात्र कुठेच ठरलं नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात कॉलेजच्या मुलांना ओजेटी आहे, ऑन जॉब ट्रेनिंग, त्याचे क्रेडिट्स पण आहेत, ऐकायला फार छान आहे. पण ओळखीच्या काकांच्या दुकानातून सर्टिफिकेट आणलेली मुलं मी आत्ताच बघतेय, आणि कॉलेजला ते चालतं कारण प्रत्येकाला जागा कुठून शोधून देणार.

आता मला माझ्याबद्दलच सांगायचंय, कारण दुसऱ्यांना बोलून मोकळं होणं बरोबर नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एक बी.कॉम. मुलगा लागला होता, आसनगावहून यायचा, पहाटेची गाडी पकडून. मी त्याला चार महिने व्हाउचर लावायला, स्कॅनिंगला आणि कुरियर द्यायला ठेवलं. मनात वाईट काही नव्हतं, माझ्यामागे कामाचा ढीग होता आणि त्याला समजावण्यापेक्षा मी स्वतः केलं की पटकन व्हायचं. आणि खरं सांगते, डोक्यात हे पण होतं की याला शिकवलं तर हा दोन हजार जास्त मिळाले की जाणार. तो तसाही गेला. शेवटच्या दिवशी निघताना मला म्हणाला, मॅडम, एकदा तरी थ्रीबी भरताना मला बाजूला बसवायला हवं होतं. म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, जो मी दर २० तारखेच्या आत भरते, त्याच्यापासून चार फुटांवर बसून. तो एवढंच बोलला आणि गेला. मी घरी येऊन माझ्या मुलीकडे बघितलं तेव्हा मला कळलं की मालाडला तिच्याशी जे होतंय तेच मी फोर्टला दुसऱ्याच्या मुलाशी केलं.

त्याच्यानंतर एक मुलगी आली, तिला मी पहिल्याच महिन्यात १४ तारखेनंतर टूबी, म्हणजे व्हेंडरांनी जीएसटी पोर्टलवर आमच्या नावाने टाकलेल्या बिलांची यादी, डाउनलोड करून आपल्या परचेस रजिस्टरशी जुळवायला बसवलं. अर्धा तास समजावलं, दुसऱ्या दिवशी परत अर्धा तास. पहिल्यांदा तिने गोंधळ घातला, मला रात्री आठपर्यंत थांबावं लागलं. पण तिसऱ्या महिन्यात तिने स्वतःहून शोधून काढलं की एका व्हेंडरने त्याची बिलं अपलोडच केली नाहीत म्हणून आपण खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट अडकलंय, आणि मला विचारून तिनेच त्याला फोन लावला, अशी ठणकावून बोलली की दोन दिवसांत त्याने केलं. आज दीड वर्ष झालं, ती आहे. पगार त्या मुलाला होता त्यापेक्षा फक्त हजारभर जास्त आहे. उद्या ती गेली तर जाईल, जाऊ दे, पण जाईल ती काम शिकून जाईल आणि तोपर्यंत माझंही अर्धं ओझं उतरलंय.

म्हणून ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, की मुलं पैशासाठी पळतात हे अर्धंच खरं आहे. माझी मुलगी घरी येऊन दमले म्हणत नाही, ती म्हणते आज काही झालंच नाही. सत्तर तास काम करा, नव्वद तास करा असं मोठमोठे उद्योगपती गेल्या दोन-तीन वर्षांत बोलले, त्यावर टीव्हीवर किती चर्चा झाल्या. मला त्या प्रत्येक वेळी वाटायचं, आधी त्या तासांत करायचं काय आहे ते तरी सांगा, काम मनासारखं असलं तर मुलं तास मोजत नाहीत, गणपतीत मंडळात हीच मुलं रात्र रात्र जागतात.

माझी मागणी फार मोठी नाहीये. ऑफर लेटरमध्ये डेझिग्नेशन काय वाटेल ते द्या, पण त्याखाली दोन ओळी साध्या भाषेत लिहा की ही मुलगी रोज काय करणार, कोणाच्या पेरोलवर, हातात किती येणार, आणि पहिल्या सहा महिन्यांत तिला काम कोण शिकवणार त्याचं नाव. नाव महत्त्वाचं आहे, डिपार्टमेंट नको, माणसाचं नाव. आणि त्या माणसाच्या अप्रेझलमध्ये पण हे धरा, नाहीतर तो बिचारा स्वतःचं टारगेट सोडून कशाला शिकवेल. ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेणं, दोन वर्षांचा बाँड लिहून घेणं हे प्रकार करून मुलं थांबत नाहीत, अडकतात. कॉलेजांना पण सांगणं आहे की गेटवर शंभर टक्के प्लेसमेंटचा फ्लेक्स लावता तसं एक वर्षाने त्याच मुलांना फोन करा आणि विचारा की काय काम करतोस, आणि ते पुढच्या बॅचच्या पालकांना दाखवा. आम्ही सेल्फ फायनान्सची, म्हणजे विनाअनुदानित कोर्सची फी भरतो, हजारांत नाही, लाखांच्या घरात जाते तीन वर्षांची, आम्हाला एवढं कळायला हवं.

आणि एक विनंती तुम्हाला, संपादक साहेब. बारावीच्या आणि टीवायच्या निकालाला तुम्ही मुलांचे फोटो छापता, पेढे भरवताना आई-वडील, फार छान वाटतं बघायला. त्याच मुलांना दोन वर्षांनी शोधून काढा. संध्याकाळी साडेसातला दादरच्या पुलावर तुमचा एखादा वार्ताहर उभा करा, आयकार्ड गळ्यात असलेली कितीतरी दिसतील, त्यांना फक्त विचारा की आज ऑफिसमध्ये नवीन काय शिकलास. जे सांगतील ते तसंच्या तसं छापा.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, तुम्हाला जागेचा प्रश्न असतो, पाहिजे तिथे कापा, सीटीसीचं गणित काढून टाकलंत तरी चालेल. पण ते ४८ हजार ३८० च्या इनव्हॉइसचं कापू नका. तिने पेपर आणला की मला ते तिला दाखवायचंय.

आपली,
एक वाचक आई
भांडुप (पूर्व), मुंबई